भाऊच्या फटफटीचा चिमटा

२ डिसेंबर १९४६

आज पुन्हा तेच! जळगावहून परत येताना गावाजवळच्या वळणावर गाडी घेतली आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची स्प्रिंग ओरडली — कुंईं-क्, कुंईं-क्. असोद्यातलं शेंबडं पोरसुद्धा हा आवाज ओळखतं. भाऊची फटफटी! घरापाशी पोचतो तर शेवंता वहिनी उंबऱ्यात उभी, हातात पाण्याचा तांब्या. धावत आली असावी, धाप लागली होती. मला पाहिलं, मोठा श्वास सोडला, तांब्या पाय धुवायच्या दगडावर ठेवला आणि आत गेली.

श्रावणात ह्याच गाडीवरून नाल्याच्या फरशीपुलावर पडून भाऊ गेला. तरी आवाज आला की ही बाई पाणी घेऊन धावते. क्षणभर वाटत असणार, तोच आला. आणि उतरतो कोण? मी, तोताराम! मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

५ डिसेंबर

मायजवळ विषय काढला. माय कानानं जड, तिच्याशी मनातलं बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं. ती म्हणाली, "अशी बायको मियाले पुण्य लागतं, तोत्या. नवरा गेला तरी पाण्याचा तांब्या चुकत नही."

खरंच आहे. भाऊला सगळं जिथल्या तिथं लागायचं. गाडी थांबायच्या आत पाणी उंबऱ्यावर हवं, पाट मांडलेला हवा, ताट पुसलेलं हवं. मी तेव्हा जळगावला पेढीवरच राहायचो, सणासुदीला घरी यायचो. पण दोन दिवसांतही दिसायचं — भाऊचं घर म्हणजे घर! वहिनी कशी पाखरासारखी इकडून तिकडे. त्याच्या नुसत्या नजरेवर घर चालायचं. माझ्या नजरेवर आमची मांजरसुद्धा उठत नाही.

९ डिसेंबर

चिमट्याच्या सांध्यांत ग्रीस भरलं. हात कोपरापर्यंत काळे. आवाज तसाच.

१५ डिसेंबर

दोंडाईच्याला कापूस पारखायला गेलो होतो. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत लष्कराचा निकाली माल येऊन पडला आहे. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या — आणि कोपऱ्यात लष्करी मोटारसायकलचा अख्खा पुढचा चिमटा! आमच्या गाडीसारखा पट्ट्यांचा आणि मधोमध एक स्प्रिंग लटकवलेला नव्हे. दोन बाजूंना दोन नळ्या. नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. जमिनीवर टेकवून अंगाचा भार दिला. खाली गेला, सावकाश वर आला. आवाज म्हणून नाही!

रेल्वेत बसल्यावर डोक्यात दुसरं काही नव्हतं. जुना चिमटा खड्ड्यात आदळला की चाक उसळतं. भाऊला त्या उसळण्यानंच फेकलं. हा नवा धक्का गिळून टाकतो. माय रोज मी निघताना देवाला हात जोडते, तिचा घोर जाईल. आणि वहिनीचा जीव असा रोज वर-खाली होणं थांबेल. आवाजच आला नाही तर ती धावेल कशाला?

२३ डिसेंबर

तो लष्करी चिमटा विकत घेऊन धुळ्यात, हिलाल मिस्तरीकडे मुक्काम. गाडी उघडून ठेवली आहे. पुढचं चाक नाही, चिमटा नाही. मान कापलेल्या बैलासारखी दिसते, बघवत नाही.

काम सोपं नाही. लष्करी गाडी दांडगी, आमची जुनी आणि हाडकुळी. नव्या चिमट्याचा दांडा गाडीच्या मानेत बसेना. हिलालनं लेथवर नवा दांडा कातला, छऱ्यांच्या वाट्या बदलल्या, दिव्याच्या पट्ट्या ठोकून वाकवल्या. नळ्यांवरची पत्र्याची टोपणं चेपलेली होती, ती काढूनच टाकली. नळ्या उघड्याच चकाकतात. दोन्ही नळ्यांत मापानं तेल ओतलं.

जुना चिमटा उचलून हिलाल म्हणाला, "हाई काय चिमटा शे का? हाई तं खाट शे खाट!" मग नव्यावर थाप मारून म्हणाला, "आते देखा. गाडी येस ते कुत्राले बी समजाव नई."

२५ डिसेंबर

धुळे ते असोदा! काय गाडी झाली आहे! एरंडोलच्या पुढचे खड्डे शोधून शोधून मी गाडी त्यांत घातली. पुढून नुसती बसते आणि उठते. मनगटं दुखली नाहीत. एकदा तर हसूच आलं मला, एकट्यालाच.

गावाजवळच्या वळणावर मुद्दाम इंजिन बंद केलं आणि उतारानं गाडी सोडली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही. अंगणात शिरलो. वहिनी पाठमोरी, केळीच्या पानांनी भांडी झाकत होती. मी मागे जाऊन म्हटलं, "वहिनी—"

अशी किंचाळली! हातातली कळशी पडली, पाणी सगळ्या अंगणभर. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या मागे बघत राहिली. माझ्याकडे नाही. माझ्या मागे.

"आवाज नही आला," म्हणाली. "आवाज कसा नही आला?"

मी मोठ्या ऐटीत नवा चिमटा दाखवला. ती अजून माझ्या मागेच बघत होती.

२ जानेवारी १९४७

पाय धुवायचा दगड ओला होता. मी यायच्या आधीच. तांब्या रिकामा, उपडा. भाऊ पाय धुतल्यावर तांब्या उपडा घालायचा, आमच्यात दुसरं कोणी घालत नाही.

"कोणी आलं होतं का?" विचारलं.

"कोन येईन?" वहिनी म्हणाली. चुलीकडे पाठ करून बसली होती. हल्ली ती दाराकडे पाठ करून बसतच नाही. भाकरी थापतानासुद्धा अर्धी वळून बसते, मग भाकरी एका बाजूनं करपते. मायनं आज त्यावरून तोंड सोडलं.

६ जानेवारी

वहिनीनं विचारलं, येताना मी वळणावर भोंगा वाजवत जाईन का. वाजवला. खूश होईल वाटलं.

"तो तं तुमचा," म्हणाली. "तुमचं कळतं मले."

१४ जानेवारी

संक्रांत. मायनं जबरदस्तीनं तिळगूळ खायला लावला तिला. वहिनी फार वाळली आहे. चेहऱ्यावर नुसते डोळे.

२१ जानेवारी

हे लिहावं की नाही! पण इथं नाही तर कुठं लिहू?

दिवेलागणीला ओसरीवर बसलो होतो. गाडी समोर अंगणात, मागच्या स्टँडवर. वारा नव्हता. बघता बघता पुढचा चिमटा खाली गेला. सावकाश, बोटभर, दोन बोटं — कोणी टांग टाकून वर बसावं आणि हँडलवर भार द्यावा तसा. थोडा वेळ खालीच राहिला. मग उठला. आवाज अर्थातच नाही!

जवळ गेलो. तेल थंडीनं घट्ट होत असेल, नळीत हवा कोंडली असेल. हिलालला विचारायला हवं. मी स्वतः दाबून पाहिलं, अंगातला सगळा जोर लावून दाबलं तेव्हा कुठं दोन बोटं गेला.

मागे वळलो तर वहिनी उंबऱ्यात उभी, तांब्या हातात. दगडावर पाणी ओतत होती. दगडाशी कोणी नव्हतं.

२९ जानेवारी

तापानं पडून होतो. गाडीला हात लावलेला नाही. पडण्याआधी नळ्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवल्या होत्या.

आज उठून पाहिलं. दोन्ही नळ्यांवर तेलाची रेघ. चिमटा जिथवर खाली जातो तिथं तेलाचं वर्तुळ उमटतं, ते पार वरपर्यंत गेलेलं. खाचखळग्यातून गाडी दामटल्याशिवाय ते इतकं वर जात नाही. चाकाला नाल्याकडची काळी माती. पेट्रोल मात्र होतं तेवढंच. कुपनावर मिळणारं पेट्रोल मी काडी बुडवून मोजतो, त्यात माझी चूक व्हायची नाही.

माय म्हणते ताप डोक्यात गेला. असेल.

३ फेब्रुवारी

वहिनी आज माझ्यासमोर येऊन बसली. लग्न होऊन आली त्याला इतकी वर्षं झाली, पण अशी समोर बसून बोललेली आठवत नाही.

"भाऊजी, जुना चिमटा लावून घ्या ना पुन्हा."

म्हणजे मी हे काय केलं? तिच्यासाठी तो आवाज म्हणजे नवऱ्याची शेवटची खूण, आणि मी शहाणा, धुळ्याला जाऊन ती खूण उपटून आलो! तिला त्रास होऊ नये म्हणून! म्हटलं, "वहिनी, उद्याच जातो. आणतो." ती रडायला लागली. मीही डोळे पुसले.

६ फेब्रुवारी

धुळ्याहून हात हलवत आलो. हिलाल म्हणाला, "जुनं बठ्ठं मोडमा गयं, भाऊ. स्प्रिंग लोहार लई गया. चांगलं पोलाद व्हतं, त्याना इळा करी टाकात." त्या स्प्रिंगचे विळे झाले! कोणाच्या शेतात घास कापत असतील ते देव जाणे. तसला दुसरा चिमटा कुठं मिळेल म्हणून विचारलं, तर हसला. इतकी जुनी गाडी आता कोण ठेवतं म्हणे.

घरी सांगितलं. वहिनी नुसती "बरं" म्हणाली.

११ फेब्रुवारी

वहिनी पहूरला जाऊ द्या म्हणते, माहेरी. "थोडे दिवस," म्हणाली. मग म्हणाली, "नहीतर कायमचीच."

माय हबकली. आम्ही दोघांनी समजावलं तिला — हे घर तुझं, भाऊच्या जागी मी आहे, कोणी तुला शब्दानं दुखवणार नाही. माय तिच्या तोंडावरून हात फिरवत होती. "तुहा जीव त्याच्यात अडकेल हाय, बाई. कळतं मले." वहिनी मान हलवत राहिली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

मग मायनंच तोड काढली. भाऊ अवेळी गेला, अपघातानं गेला, असं माणूस वाटेवरच फिरत राहतं. त्याचा वीर करायचा. चांदीचा टाक घडवायचा, होळीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत होळीभोवती नाचवून घरी आणायचा आणि देव्हाऱ्यात बसवायचा. आमच्या आजोबांच्या भावाचा असाच आहे, घोड्यावर बसलेला. "मंग तो घरातच राह्यीन, इच्या डोयासमोर," माय म्हणाली. "वाट पाह्याचं कामच नही."

मला पटलं. मनापासून पटलं. होळी होईपर्यंत वहिनीनं थांबायचं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं.

२० फेब्रुवारी

झुलाल सोनार टाकाचं विचारायला घरी आला. नेहमीसारखा घोडा काढू का म्हणाला. माय म्हणाली, "त्याचा घोडा तं ही फटफटी!"

झुलालनं मग गाडीभोवती फिरून फिरून गाडी डोळ्यांत भरून घेतली. पुढच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. "ह्या काढाले सोप्या," म्हणाला. "स्प्रिंग काढनं म्हंजे डोयाचं पानी." पितळेच्या काडीनं धुळीत चित्र काढून दाखवलं, दोन सरळ रेघा आणि चाक.

वहिनी खिडकीतून बघत होती. एकदम बाहेर आली आणि पायानं ते चित्र पुसून टाकलं. झुलालसमोर! माय ओशाळली. मी सावरून घेतलं, म्हटलं, दुःख आहे, चालायचंच.

७ मार्च, धूळवड

भाऊचा वीर बसला.

टाक फार सुरेख झाला आहे. फेटा, मिशी, आणि खाली फटफटी, पुढच्या दोन नळ्या अगदी हुबेहूब. लाल फडक्यात नारळाबरोबर बांधून मी हातात घेतला. हलगी वाजायला लागली आणि माझे पाय आपोआप उचलायला लागले. अख्खं गाव होळीभोवती! म्हातारे म्हणत होते, असा करारी माणूस पुन्हा व्हायचा नाही. मला भाऊची इतकी आठवण आली, गर्दीत ढसाढसा रडलो.

घरी आणताना उंबऱ्यावर पाणी घालायचं काम बायकोचं. वहिनी तांब्या घेऊन उभी होती. पाणी माझ्या पायांवर कमी आणि तिच्या लुगड्यावर जास्त पडलं. मायनं गावातल्या बायांना सांगितलं, "पाहा, नवरा घरी आला तं कशी भरून आली."

मी टाक देव्हाऱ्यात ठेवला. समोर पाट, पुसलेलं ताट. सगळं भाऊला लागायचं तसं. किती दिवसांनी घर पुरं वाटलं.

८ मार्च

दगड कोरडा. आता त्याला दारात थांबायचं कारणच नाही, असं आपलं मनात आलं. चिमटाही जागच्या जागी आहे. बरं वाटलं.

९ मार्च

माय देवळात गेली होती. वहिनी बोलली.

"मी त्याह्यची वाट नव्हती पाहत, भाऊजी. वयणावर तो आवाज आला की मले तेवढा वेळ मिये, पानी घ्याले, ताट पुसाले. पानी उंबऱ्यावर नसलं तं मारत. गेल्यावरबी येतच व्हते. पन आवाज करत येत. तुम्ही तो आवाजच काढून टाकला. मांगं येऊन उभे राह्यले तरी कळत नही आता. आन् परवा तं तुम्ही घरातच आनून बसोले."

तिनं बाही वर सारली. दंडावर जुने, पांढरे पडलेले वळ, एकावर एक. आणि त्यांच्यावर एक लाल. त्यातून अजून रक्त येत होतं.

बैलगाडी जोडली आहे. पहूरला मी स्वतः पोचवतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वहिनीनं काढून ठेवायला लावल्या. आपण निघालो ते ऐकू जाईल, म्हणाली.